खलनायकाचे हसू

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी लहान मुले होती, त्यांना दूरदर्शनवरील रविवारची सकाळ आठवत असेल. १९९३ मध्ये ‘जंगल बुक’ ही जपानी चित्रमालिका हिंदीत दाखवली जाऊ लागली आणि मोगलीच्या पाठोपाठ शेरखानही घरोघरी पोहोचला. त्याला आवाज दिला होता नाना पाटेकर यांनी. तो आवाज कानी पडताच घरातले शेंडेफळ आईच्या पदराआड सरकत असे. त्याच दशकात, त्याच पडद्यावर, डिस्ने कंपनीची ‘टेलस्पिन’ ही मालिका येऊ लागली. पात्रे किपलिंगच्या रानातलीच. परंतु येथे बल्लू अस्वल विमान चालवतो आणि शेरखान उंची सूट परिधान करून, उंच इमारतीतल्या कचेरीत बसून, अवाढव्य उद्योगधंदा सांभाळतो. मुलांना या शेरखानाचे भय वाटेना. त्याच्या रुबाबाची मौज वाटू लागली.

वाघ एकच, रूपे दोन. या दोन रूपांमधले अंतर बालरंजनाने गेल्या तीस वर्षांत झपाट्याने तोडले आहे. ‘पोकेमॉन’ ही मालिका १९९७ मध्ये जपानात सुरू झाली आणि पुढे आपल्याकडेही आली. तिच्यात ‘टीम रॉकेट’ नावाची एक चोरटी टोळी आहे. जेसी, जेम्स आणि माणसासारखे बोलणारे मांजर मियाऊथ, असे हे त्रिकूट. पिकाचूला पळवण्याचा बेत रचायचा, तो हटकून फसायचा आणि तिघांनी आकाशात भिरकावले जायचे, हा त्यांचा नित्यक्रम. मात्र मुले ज्यांची वाट पाहत बसतात ते हेच तिघे. कित्येक भागांत तर कथानक त्यांच्याभोवतीच फिरते. जेसीचे गरिबीतले बालपण, श्रीमंत घर सोडून पळालेला जेम्स, असे सारे आपल्याला कळते आणि चोरांविषयी मनात माया दाटते. पुढे २०१० मध्ये ‘डेस्पिकेबल मी’ हा व्यंगचित्रपट आला. त्यात चंद्र चोरायला निघालेला ग्रू हा स्वतःच नायक. त्याच्या हाताखालचे ते पिवळे ‘मिनियन्स’ पुढे शाळकरी दप्तरांवरही जाऊन बसले, आणि ते खलनायकाचे चाकर आहेत याची दप्तर पाठीवर टाकणाऱ्याला आठवणही नसते.

मराठी मुलांना हे सारे परके वाटण्याचे कारण नव्हते. रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्याच्या शीर्षकात चेटकिणीचे नाव नाही. पण प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले ते चिंची चेटकिणीला. एके काळी दिलीप प्रभावळकर यांनी ही भूमिका गाजवली, आणि २०१८ मध्ये चिन्मय मांडलेकर यांच्या दिग्दर्शनाखाली नाटक पुन्हा रंगमंचावर आले तेव्हा वैभव मांगले यांची चिंची पाहण्यासाठी आईबाप मुलांना कडेवर घेऊन रांगेत उभे राहिले. स्वतःच्या हुशारीवर खूश असलेली ही चेटकीण रंगमंचावर आली, की प्रेक्षागृहातली मुले तिच्याशी थेट वाद घालू लागत. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) या चित्रपटाचेही तेच. नायक लक्ष्मीकांत बेर्डे यांच्यासारखा लोकप्रिय नट, तरी लोकांच्या मनात घर केले ते रामदास पाध्ये यांनी घडवलेल्या बाहुल्याने, तात्या विंचूने. तोही प्रभावळकरांचाच! एकाच नटाने चेटकीण आणि खुनी अशा दोघांनाही मराठी मुलांचे लाडके करून ठेवावे, हा योगायोग मजेचा आहे. कोकणच्या दशावतारात तर वेद पळवणारा संकासुर फार पूर्वीपासून काळ्या वेषात, लाल जीभ लोंबवीत येतो आणि मालवणी बोलीत सगळ्यांची टर उडवून जातो. देवापेक्षा त्याचीच वाट अधिक पाहिली जाते, हे तिकडचे लोक हसत हसत कबूल करतात.

पालक आम्हांला विचारतात, “फादर, अशाने मुले बिघडत नाहीत का? चोर आवडू लागला म्हणजे चोरी आवडू लागणार नाही का?” या चिंतेमागची माया आम्ही जाणतो, परंतु ही भीती बव्हंशी अनाठायी आहे, असे आमचे मत आहे. चार वर्षांच्या मुलालाही नाटक आणि घर यांतला भेद ठाऊक असतो. चिंचीला टाळ्या देणारी मुलगी घरी येऊन कोणाला कढईत टाकायला निघत नाही. उलट, हास्याने भय उणावते, हा लाभ लहान नव्हे. आमच्या मराठवाड्यात भानामतीच्या धास्तीने कित्येक घरांची झोप उडालेली आहे. एखाद्या एकट्या म्हातारीकडे बोट दाखवून कुजबुज सुरू झाली, की तिला गावात तोंड दाखवणे कठीण होते. जादूटोण्याविरुद्धचा कायदा राज्यात २०१३ मध्ये झाला, पण कायद्याने मनातली भीती निघत नाही. चेटकिणीला पोट धरून हसलेले मूल उद्या त्या म्हातारीच्या अंगणात निर्भयपणे खेळायला जाईल, अशी आशा धरायला जागा आहे.

तेव्हा आमचा प्रश्न निराळा आहे. मूल खलनायकाचे अनुकरण करील की काय, यापेक्षा खलनायकाने ज्याचे नुकसान केले तो मुलाला दिसतो की नाही, हे आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते.

ॲरिस्टॉटलने आपल्या काव्यशास्त्रात विनोदाची एक मर्यादा सांगितली आहे. हास्यास्पद म्हणजे अशी चूक किंवा असे व्यंग, की ज्याने कोणाला वेदना होत नाहीत, कोणाचा नाश होत नाही. यासाठी तो विनोदी मुखवट्याचे उदाहरण देतो: मुखवटा कुरूप असतो, वेडावाकडा असतो, पण त्याला दुखत नसते. आता खलनायकाची व्याख्या पाहा. दुसऱ्याला दुःख देतो तो खल. मग विनोदी खलनायक संभवतो कसा? ज्याने कोणालाही दुखत नाही असा दुःखदाता! मुलांसाठी चित्रमालिका रचणाऱ्यांनी हा पेच दोन तऱ्हांनी सोडवला आहे. एक तर खलनायक सदैव अपयशी ठरतो. टीम रॉकेट पिकाचूला पळवते, पण पिकाचू भाग संपण्यापूर्वी घरी परतलेला असतो. किंवा मग ज्याची हानी झाली तो पडद्यावर येतच नाही. ग्रूने कोणाकोणाच्या वस्तू लांबवल्या, त्यांची पुढे काय दशा झाली, याची चौकशी करायला कथेला सवड नसते. खलनायक दुय्यम पात्र होता तोवर त्याच्यासमोर नायक उभा असे, आणि नायकाच्या पाठीशी ज्याच्यावर अन्याय झाला तोही. खलनायक मधोमध येऊन बसला, की कोणीतरी बाजूला सरतो. आपली समजूत अशी असते की बाजूला सरला तो नायक. आमच्या मते प्रथम नाहीसा होतो तो दुखावलेला माणूस.

हे अटळ आहे असे मात्र नाही. आपल्या देशातला सर्वांत थोर विनोदी खलनायक शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त आहे. गोविंद बल्लाळ देवल यांनी हे नाटक मराठीत आणले, त्यामुळे जुन्या पिढीला शकार अपरिचित नाही. राजाचा मेहुणा, अंगात सत्तेचा माज, डोक्यात भुसा. ‘स’चा ‘श’ करतो म्हणून तो शकार. रामायण-महाभारताची अशी काही खिचडी करतो, की द्रौपदी रामाला भिऊन पळते आणि हनुमान सुभद्रेला पळवून नेतो! प्रेक्षक खो खो हसतात. आणि याच विदूषकी माणसाच्या मनात एका उद्यानात वसंतसेनेचा जीव घेण्याचे येते. तो आपल्या सोबत्याला सांगतो, तो नकार देतो. आपल्या गुलामाला सांगतो, दागिन्यांचे आमिष दाखवतो, मारहाण करतो. गुलाम म्हणजे धन्याची मालमत्ता, पण तोही नकार देतो. धन्याची सत्ता आपल्या देहावर आहे, आचरणावर नाही, असा त्याचा आशय. अखेर शकार स्वतःच्या हातांनी तिचा गळा आवळतो, तिला मेली समजून पाचोळ्याने झाकतो आणि खुनाचा आळ निरपराध चारुदत्तावर घेतो. शूद्रक आपल्याला अनेक अंक हसवतो आणि मग ज्याला आपण हसत होतो त्याचे हात दाखवतो. आधीचे हसू खोटे होते असे तो म्हणत नाही. माणूस हास्यास्पद असू शकतो आणि त्याच वेळी घातकही, एवढे तो डोळ्यांपुढे ठेवतो.

युरोपातही हे भान होते. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरात शिंपी आणि कापड कातरणाऱ्यांचा संघ नाताळचे नाट्य सादर करीत असे. त्यातला हेरोद राजा इतका आदळआपट करणारा, की तो गाडीवरच्या रंगमंचावरून खाली उतरून रस्त्यातही थयथयाट करतो, अशी सूचना संहितेतच आहे. असल्या आक्रस्ताळ्या हेरोदाचा टोला शेक्सपिअरने पुढे ‘हॅम्लेट’मध्ये नटांना मारला आहे. लोकांना हा हेरोद मनापासून आवडे. परंतु त्याच नाट्यात बेथलेहेमच्या माता येतात, तान्ह्यांना कुशीत घेऊन अंगाई गातात, आणि ते गाणे आज जगभर नाताळात गायले जाते. रस्त्यात हेरोदाला हसलेल्या माणसाला थोड्याच वेळात ती अंगाई ऐकावी लागे. आमच्या भागातील धर्मग्रामांत नाताळची नाटुकली होते तेव्हा योसेफाच्या भूमिकेसाठी मुलांची मनधरणी करावी लागते. हेरोद व्हायला मात्र सात जण तयार. दाढी, तलवार, आरडाओरडा! त्यांची हौस आम्ही मोडणार नाही. पण बेथलेहेमच्या माता बहुतेक नाटुकल्यांत नसतात. वेळ अपुरा पडतो, प्रसंग उदास आहे, असे सांगितले जाते.

प्रसंग उदास आहे खरा.

आम्ही हे बीड जिल्ह्यात बसून लिहीत आहोत. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण होऊन त्यांची निर्घृण हत्या झाली, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. मार्च २०२५ मध्ये तपासातील छायाचित्रे प्रसारमाध्यमांतून लोकांसमोर आली आणि घरोघरी पोहोचली. कोणी काय केले याचा निवाडा न्यायालयाचा. त्याविषयी आम्ही एक शब्दही लिहिणार नाही. त्या छायाचित्रांचे वर्णनही करणार नाही. मात्र त्यांतली एक गोष्ट पाहणाऱ्या प्रत्येकाच्या काळजाला भोसकून गेली: तेथे हसणारे चेहरे होते. ज्या मोबाईलवर संध्याकाळी कार्टून लागते, त्याच मोबाईलवर ही छायाचित्रे आली. मुलांनी पाहू नयेत म्हणून आईबापांनी धडपड केली, तरी मुलांनी ती पाहिली. आमच्याकडे धर्मशिक्षणाला येणाऱ्या एका पाचवीतल्या मुलाने त्या आठवड्यात विचारले, “फादर, ते हसायले का होते?”

मारले का, असे त्याने विचारले नाही. मारणारी माणसे असतात, हे त्याला ठाऊक असावे. हसण्याचा मेळ त्याला लागेना.

या प्रश्नाचे सोपे उत्तर आमच्यापाशी नव्हते आणि आजही नाही. परंतु गुरुविद्यालयात असताना अनेकदा वाचलेले एक पान त्या दिवसांत आम्ही पुन्हा उघडले. इ.स. ४०० च्या सुमारास संत ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनात सोळाव्या वर्षी केलेली एक चोरी सांगितली आहे. रात्री मित्रांच्या टोळक्याने शेजारच्या झाडाची नाशपाती ओरबाडली. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती. चोरलेली फळे डुकरांपुढे टाकली. एवढ्याशा गोष्टीवर ऑगस्टीन पानेच्या पाने का लिहितो, असे विद्यार्थिदशेत आम्हां सगळ्यांना वाटे, आणि आम्ही त्यावरून थट्टाही करीत असू. आता वाटते, की तो फळांविषयी लिहीतच नाही. तो त्या हसण्याचा शोध घेतो आहे. आपण एकटे असतो तर हे केले नसते, हे तो पुनःपुन्हा सांगतो. ज्यांना फसवले त्यांना पत्ता नाही या कल्पनेने टोळक्याला गुदगुल्या होत होत्या. एकट्याला सहसा असे हसू येत नाही. ते एकमेकांच्या तोंडाकडे पाहून येते, आणि एकमेकांकडे पाहणाऱ्यांना तिसरा दिसत नाही. येथे एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. एवढ्या सूक्ष्म आत्मपरीक्षणातही झाडाच्या मालकाची ओळख ऑगस्टीन देत नाही. तो कोण होता, सकाळी झाडाखाली येऊन त्याने काय पाहिले, याचा पत्ता लागत नाही. संतालाही तो दिसला नसावा.

शकाराच्या गुलामाने नेमके हेच केले नाही. धन्याच्या तोंडाकडे न पाहता त्याने वसंतसेनेकडे पाहिले.

कार्टून पाहून कोणी खुनी होतो, असे या सगळ्यातून कोणी ध्वनित करील तर ते आम्हांस मान्य नाही. असले सरधोपट आरोप करणे सोपे असते आणि त्यामुळे खऱ्या कारणांवर पांघरूण पडते. पैसा, सत्ता, खंडणी, धाक ही कारणे पोकेमॉनने आणलेली नाहीत. आमचे म्हणणे एवढेच, की दुखावलेल्याकडे पाहण्याची सवय ही सवयच आहे. ती आपोआप येत नाही. मुलाच्या वाट्याला येणाऱ्या शेकडो गोष्टींतून जर तो माणूस सातत्याने वगळला गेला, तर त्याला शोधण्यासाठी मान वळवायची असते, हे मूल शिकणार कोठून?

आणखी एक गोष्ट गमावली जाते, ती म्हणजे क्षमा. आजच्या चित्रमालिकांत खलनायक सुधारतो; ग्रू तीन अनाथ मुलींचा प्रेमळ पिता होतो, आणि ते दृश्य पाहताना आमचेही डोळे पाणावले, हे सांगण्यात संकोच कसला? पण त्याला क्षमा कोणी केली? कोणीच नाही, कारण क्षमा करण्याचा ज्याला अधिकार तो कथेत नाही. ‘मृच्छकटिका’च्या अखेरीस राज्य पालटते, चारुदत्त वधस्तंभापासून वाचतो, आणि लोक शकाराला धरून आणतात. त्याला ठार करा, असा एकच गिल्ला होतो. शकार चारुदत्ताच्या पायाशी लोळण घेतो आणि चारुदत्त त्याला अभय देतो. हे अभय त्याने द्यावे की देऊ नये, याविषयी वाद होऊ शकतो. आमच्या युवक मंडळात तो एकदा तासभर रंगला आणि मुलींचा कौल चारुदत्ताच्या विरुद्ध पडला. वसंतसेनेला कोणी विचारले का, असा त्यांचा सवाल होता. सवाल बिनतोड आहे. तो विचारता येतो, कारण वसंतसेना तेथे, त्या रंगमंचावर, जिवंत उभी आहे. तिला वगळले असते तर शकार सुधारला किंवा मेला, यापलीकडे बोलण्यासारखे काही उरले नसते.

दसरा-दिवाळी आटोपली, की आमच्या जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवरून ट्रक आणि ट्रॅक्टर ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात चार-सहा महिने जायचे. काही मुले बरोबर जातात, काही आजी-आजोबांपाशी राहतात. आईचा आवाज ऐकण्यासाठी घरात ठेवलेला मोबाईल उरलेल्या वेळी कार्टून दाखवतो. या मुलांपासून तो हिरावून घ्या, असे आम्ही कोणत्या तोंडाने सांगावे? हंगाम संपताना उचलीचा हिशेब फिटला नाही तर घरात काय होते, ते या मुलांनी पाहिलेले असते. कार्टूनमधला लबाड रोज स्वतःच्याच खड्ड्यात पडतो. बाहेरचा पडतोच असे नाही, हे त्यांना आमच्याहून चांगले ठाऊक आहे, आणि म्हणूनच कदाचित तो पडताना पाहून ती इतकी हसतात.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका घरी आम्ही गेलो होतो. आजी भाकऱ्या थापत होती, सात वर्षांचा नातू मांडीवर मोबाईल घेऊन खिदळत होता. पडद्यावरचा चोर कोणाची तरी मिठाईची गाडी घेऊन पळत होता आणि वाटेत धडाधड आपटत होता. आजीने चुलीपुढूनच मान वळवली.

“गाडी कुणाची हाय रं ती?”

“मिठाईवाल्याची.”

“मंग आज त्याच्या घरी काय शिजंल?”

नातवाने पडद्यावर बोट ठेवून चित्र थांबवले. मागे नेले, पुढे नेले. मिठाईवाला एकदाच, क्षणभर, हात वर करून ओरडताना दिसला. मुलाने तेथेच चित्र थांबवून ते निरखून पाहिले. “माहीत नाही, आजी,” तो म्हणाला. आणि मग त्याने स्वतःच सांगायला सुरुवात केली, की मिठाईवाल्याला दोन पोरी आहेत, त्या कारखान्यावर गेल्या आहेत, आणि घरात थोडे पीठ आहे.